तीन ठोके

लेम्पी हारकोनेनच्या किल्ल्या आता माझ्याकडे असतात.
अकरा आहेत. दोन कशाच्या, ते तिलाही आठवत नव्हतं.
बाकीच्या संग्रहालयाच्या, कब्रस्तानाच्या फाटकाच्या,
ॲम्ब्युलन्सच्या शेडच्या (वीस वर्षं चालवली तिनं, फुकट)
आणि चर्चच्या तळघराची एक,
जिथं दर गुरुवारी ती म्हाताऱ्यांना वाटाण्याचं सूप वाढायची
आणि स्वतः उभ्यानंच
पातेल्याच्या बुडाशी लागलेलं खरवडून खायची.

एकोणपन्नास हिवाळे.
सुपीरियर सरोवरावरून बर्फ यायचा तो आडवा,
तळमजल्याच्या खिडक्या गिळून टाकायचा,
तरी नऊच्या आत ही फावडं घेऊन संग्रहालयाच्या पायऱ्यांशी हजर.
का, तर वर्षाकाठी चाळीस माणसं येतात म्हणून.
पगाराचं कुणी विचारलं तर म्हणायची,
"तांबं संपलं तेव्हा कंपनीनं भोंगासुद्धा विकला.
तो मी भंगारवाल्याकडून परत आणला.
आणखी काय हवं?"

मी काही सेवाभावी वगैरे नव्हे.
सतरा वर्षांचा होतो, याच संग्रहालयाच्या काचा फोडल्या होत्या,
न्यायाधीशांनी चाळीस तासांची शिक्षा दिली.
ते तास संपूनही बारा वर्षं झाली.

तिनं मला कार्डं लावायला बसवलं.
बुटांच्या खोक्यांत, खाणीत मेलेल्या प्रत्येकाचं एक.
नाव, मूळ गाव, कितवा शाफ्ट, किती खोल, मागे कोण.
कंपनीच्या कारकुनाला नावं उच्चारता येत नसत,
त्यानं सात जणांना सरसकट 'जॉन' करून टाकलं होतं;
लेम्पीनं समुद्रापलीकडे पत्रं धाडून धाडून
सहा जणांची नावं परत आणली.
सातवा अजून जॉनच आहे.
आणि प्रत्येक कार्डाच्या तळाला, निळ्या शाईत, एकच ओळ :
पेट्रॉक ट्रेगिअर, 'डावखुरा, फिडल उलटं धरायचा.'
ऑस्कारी नीमेला, 'उधारी सव्वादोन डॉलर, बायकोनं फेडली.'
मातो ग्रगुरिच, 'मुलीसाठी खिशात साखरेचे खडे.'

तिला पुरून आल्यावर खोकी हलवताना
चौथ्या खोक्याच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली
एक कार्ड सापडलं. पेन्सिलीनं लिहिलेलं.
वाइनो हारकोनेन. पिंजरा वर-खाली करणारा.
मृत्यू : अंथरुणात, १९७३.
म्हणजे ते या खोक्यांतलं नव्हेच.
'तीन ठोके म्हणजे आत माणसं आहेत, सावकाश.
बाबांनी दोन ऐकले.'
खाली पाच नंबर, पाच कार्डांचे.
त्याखाली खोडून पुन्हा, खोडून पुन्हा,
कागद विरेपर्यंत खोडून, शेवटी :
'त्यानंतर बाबांनी कुणाचं दार ठोठावलं नाही.
बाहेर उभे राहून खाकरायचे.'

मी ती पाच कार्डं काढून टेबलावर मांडली.
पाचही घरांपुढचा बर्फ उपसताना मी तिला पाहिलं होतं.
वाटायचं, वाटेवरची घरं असतील.
ती वाटेवर नव्हती.

मिल्का ग्रगुरिच ब्याऐंशीची आहे. मातोची मुलगी.
दोन दिवस ते कार्ड मी खिशात घेऊन फिरलो,
मग तळघरात तिच्यासमोर ठेवलं.
तिनं चष्मा शोधला. पर्समध्ये नव्हता, गळ्यातच होता.
वाचलं. पुन्हा वाचलं.
मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"
"गावाला माहीत होतं," ती म्हणाली.
"तिला कुणी सांगायचं, की आम्हाला माहीत आहे म्हणून?"

मग कार्ड माझ्याकडे सरकवलं.
"हे शाईनं लिहून काढ. बाकीच्यांसारखं."

माझं अक्षर वाईट आहे. हारकोनेनमधला एक न राहिला,
तो वरून घातला.
मिल्का शाई सुकेपर्यंत बसून राहिली,
फुंकर घालू दिली नाही.
मग म्हणाली, "आज गुरुवार ना?
सूप लागतंय वाटतं तुझं खाली."